तेलाच्या शोधातील मंत्री

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात १९ फेब्रुवारी १९७४ रोजी तेल लागले. 'सागर सम्राट' या जपानी बनावटीच्या जहाजाने खोदलेली ती विहीर देशाचे नशीब पालटणारी ठरली. मात्र ज्या माणसाने दोन दशके आधी या शोधाचा पाया घातला, त्या केशवदेव मालवीय यांच्याकडे त्या दिवशी पेट्रोलियम खाते नव्हते.

मालवीय यांचा जन्म १९०४ चा, अलाहाबादचा. राजकारणात शिरलेल्या त्यांच्या पिढीत वकील पुष्कळ होते. मालवीय यांनी मात्र कानपूरच्या हारकोर्ट बटलर संस्थेत तेल तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले होते. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला. स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या मंत्रिमंडळात नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याचे उपमंत्रिपद त्यांच्याकडे आले.

त्या काळी देशात तेल निघत होते ते आसामातच. दिगबोईची विहीर १८८९ ची, नहरकटिया १९५३ चे. शोध, शुद्धीकरण आणि विक्री या तिन्हींवर बर्मा शेल, स्टॅनव्हॅक, कॅलटेक्स यांसारख्या परदेशी कंपन्यांचा वरचष्मा होता. आसामबाहेर फारसे तेल नाही, असे मत या वर्तुळात प्रबळ होते. स्टॅनव्हॅकने सरकारच्या भागीदारीत पश्चिम बंगालमध्ये केलेला शोधही कोरडाच गेला. अशा वेळी सरकारने स्वतः विहिरी खोदाव्यात, हा मालवीय यांचा आग्रह अनेकांना पैशाची उधळपट्टी वाटला असल्यास नवल नाही.

१९५५ मध्ये ते शिष्टमंडळ घेऊन युरोप आणि सोव्हिएत संघात गेले. मग कालिनिन यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत तज्ज्ञ आले, खोऱ्यांची पाहणी झाली. १४ ऑगस्ट १९५६ रोजी तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. पहिली विहीर १९५७ मध्ये हिमाचलात ज्वालामुखी येथे खोदण्यात आली. तेथे वायूच्या खुणा दिसल्या, पण व्यापारी उत्पादन हाती आले नाही. टीकाकारांना आयतेच निमित्त मिळाले असते. पण १९५८ मध्ये खंबायतजवळ लुनेज येथे तेल लागले आणि १९६० मध्ये अंकलेश्वर. अंकलेश्वरच्या पहिल्या विहिरीला नेहरूंनी 'वसुधारा' असे नाव दिले.

त्याच वर्षी दुसरा संघर्ष पेटला. सोव्हिएत संघ स्वस्तात कच्चे तेल देऊ करीत होता. परदेशी कंपन्यांनी ते तुर्भे आणि विशाखापट्टणम येथील आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास नकार दिला. कंपन्यांना दरात काही सवलत द्यावी लागली, आणि सरकारी शुद्धीकरण कारखाने का हवेत, हे मालवीय यांना वेगळे सांगावे लागले नाही.

एवढे कर्तृत्व असूनही १९६३ मध्ये त्यांना जावे लागले. ओरिसातील सेराजुद्दीन या खाण कंपनीकडून निवडणुकीसाठी दहा हजार रुपयांची देणगी घेतल्याचे प्रकरण उपस्थित झाले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. के. दास यांनी चौकशी केली, अहवाल जाहीर झाला नाही, राजीनामा मात्र झाला. आजच्या आकड्यांपुढे ती रक्कम क्षुल्लक वाटेल. तरी ज्याच्याकडे खाणी आणि इंधनाचे खाते, त्याने खाणमालकाचा पैसा स्वीकारावा, ही चूक लहान म्हणता येत नाही.

ते सत्तेबाहेर असताना खंबायतच्या आखातापासून दक्षिणेकडे समुद्रात सोव्हिएत जहाजाने भूकंपलहरींच्या साह्याने सर्वेक्षण केले आणि तळाखाली खडकांचा एक प्रचंड उंचवटा आढळला. 'बॉम्बे हाय'मधील 'हाय' म्हणजे हाच उंचवटा. अनेक मुंबईकरांना हे ठाऊक नसते. त्यावरील चुनखडकाच्या छिद्रांत तेल साठले होते. १९७० मध्ये आलियाबेट येथे उथळ पाण्यात पहिला प्रयत्न झाला, नंतर 'सागर सम्राट' आले. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाचे दर भडकावले असताना हा शोध लागणे, याला योगायोग म्हणावे की वीस वर्षांच्या चिकाटीचे फळ?

ऑक्टोबर १९७४ मध्ये पेट्रोलियम खाते पुन्हा मालवीय यांच्याकडे आले. जानेवारी १९७६ मध्ये बर्मा शेल सरकारच्या ताब्यात आली, मे महिन्यात बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेससह त्यांचाही पराभव झाला. १९८१ मध्ये ते निवर्तले. देहरादूनची तेल संशोधन संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस या क्षेत्रातून दररोज चार लाखांहून अधिक पिंपे तेल निघे. आता ते म्हातारे झाले आहे. उत्पादन सावरण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश कंपनी बीपीला तांत्रिक साहाय्यासाठी निवडण्यात आले. परदेशी तंत्रज्ञ पुन्हा त्याच समुद्रात आले आहेत, या वेळी सरकारी कंपनीच्या निमंत्रणावरून. देशाच्या गरजेचे ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आजही आयात होते. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने २०३८ पर्यंत स्वतःच्या कामकाजातील निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ठरवले असून सौर व पवन ऊर्जा प्रकल्पांत गुंतवणूक सुरू केली आहे.