कर्मवीर दादासाहेब गायकवाड : भूमिहीनांचा लोकनेता

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीला विद्वान लाभले, वक्ते लाभले, कायदेपंडितही लाभले. परंतु खेड्यापाड्यांतील निरक्षर शेतमजुराच्या ओट्यावर बसून त्याच्याच बोलीत त्याचे दुःख समजून घेणारा आणि त्याच्या हाकेला धावून जाणारा नेता म्हणून ज्यांचे नाव आजही कृतज्ञतेने घेतले जाते, ते म्हणजे कर्मवीर भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे दिंडोरी या गावी झाला. महारवाड्यातील इतर मुलांच्या वाट्याला जे जिणे आले, तेच त्यांच्याही वाट्याला आले. वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस गावाची चाकरी करावी आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन व बलुत्याचे दाणे पदरात घ्यावेत, हा त्या काळचा रिवाज होता. जमीन आणि मानवी प्रतिष्ठा यांचा संबंध किती जवळचा असतो, हा धडा त्यांना ग्रंथांतून शिकावा लागला नाही. तो त्यांनी बालपणीच गावात पाहिला होता, आणि पुढील सारे आयुष्य त्यांनी त्याच प्रश्नाच्या सोडवणुकीसाठी वेचले.

तरुणपणीच ते बाबासाहेबांच्या सहवासात आले. नाशिक येथील अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची व्यवस्था त्यांनी सांभाळली. वसतिगृह चालविणे म्हणजे काय, हे निवासी शाळेत राहणाऱ्या व ती चालविणाऱ्या आपल्यासारख्यांना सांगावयास नको. धान्याची तजवीज, देणगीसाठी वणवण, आजारी मुलांची शुश्रूषा आणि शिकून काय होणार असे विचारणाऱ्या पालकांची समजूत, ही कामे कोणत्याही सभेत टाळ्या मिळवून देत नाहीत. परंतु माणसे जोडण्याची आणि चिकाटीने काम तडीस नेण्याची सवय अशाच कामांतून अंगी बाणते.

या संघटनकौशल्याची कसोटी नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात लागली. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुषांची शिस्तबद्ध मिरवणूक मंदिरापर्यंत आली आणि मंदिराचे दरवाजे बंद झाले. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रहींच्या तुकड्या बसू लागल्या. बाबासाहेबांना गोलमेज परिषदेसाठी विलायतेस जावे लागले, तेव्हा नाशिकची आघाडी सत्याग्रह समितीचे चिटणीस या नात्याने दादासाहेबांनी सांभाळली. दगडफेक, तुरुंगवास आणि गावोगावच्या बहिष्काराला तोंड देत हा लढा वर्षानुवर्षे चालला. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी पत्राने दादासाहेबांना आपला विचार कळविला. देवदर्शन हे या लढ्याचे साध्य कधीच नव्हते. दलित समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी हा हेतू होता आणि तो सफल झाला होता. यापुढे समाजाची शक्ती शिक्षण आणि राजकारण यांवर केंद्रित व्हावी, अशी त्यांची भूमिका होती. चार वर्षे ज्या लढ्यासाठी रक्ताचे पाणी केले, तो थांबविण्याचा निर्णय कार्यकर्त्यांना पटवून देणे सोपे नव्हते. दादासाहेबांनी तेही कर्तव्य पार पाडले. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांच्याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची ऐतिहासिक घोषणा केली.

१९३६ साली स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली आणि १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब नाशिक जिल्ह्यातून मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले. ज्या समाजाला गावच्या चावडीवर उभे राहण्याचीही मुभा नव्हती, त्या समाजाचा हा पुत्र आता प्रांताच्या कायदेमंडळात बसू लागला. याच सभागृहात बाबासाहेबांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि महार वतनाचा प्रश्न लावून धरला. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर आला. सभागृहातील विधेयकामागे रस्त्यावरील जनतेचे बळ हवे, हे सूत्र दादासाहेबांनी येथे आत्मसात केले. पुढे १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची पीछेहाट झाली. पण पद गेले म्हणून दादासाहेबांचे काम थांबले नाही.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर समाज पोरका झाला. त्या कठीण काळात, १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. परंतु लवकरच पक्षात फूट पडली. ॲड. बी. सी. कांबळे यांचा गट आणि दादासाहेबांचा गट यांतील वाद केवळ व्यक्तींचा नव्हता. घटनात्मक मार्गाने चालावे की भूमिहीनांच्या लढ्यात इतर डाव्या पक्षांसह रस्त्यावर उतरावे, हा त्यामागील प्रश्न होता. दादासाहेबांनी दुसरा मार्ग निवडला.

१९५९ साली महाराष्ट्रात भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला. त्याहून व्यापक लढा १९६४ साली उभा राहिला. पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी व्हावी, महागाईला आळा बसावा, धर्मांतरित बौद्धांना सवलती मिळाव्यात, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, अशा दहा मागण्यांचे निवेदन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना देण्यात आले. ६ डिसेंबर १९६४ या महापरिनिर्वाण दिनी देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. चळवळीच्या नोंदींनुसार तीन लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांनी कारावास पत्करला. कडेवर मूल घेऊन तुरुंगात जाणाऱ्या मातांनी हा लढा अजरामर केला.

दादासाहेबांच्या सर्वच निर्णयांना समाजाने मान्यता दिली, असे म्हणता येणार नाही. १९६७ साली त्यांनी काँग्रेसशी केलेल्या समझोत्यावर कठोर टीका झाली. त्यातून समाजाच्या पदरी थोडे पडले आणि पक्षाची ताकद मात्र क्षीण झाली, हे आक्षेपकांचे म्हणणे पुढील काळाने बऱ्याच अंशी खरे ठरविले. थोर पुरुषांचे स्मरण करताना त्यांच्या चुकांकडे डोळेझाक करू नये. बुद्धांच्या धम्मात अंधभक्तीला स्थान नाही.

१९६२ ते १९६८ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. १९६८ साली त्यांना पद्मश्री किताब देण्यात आला. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. बाबासाहेबांनी त्यांना वेळोवेळी लिहिलेली पत्रे त्यांनी जिवापाड जपली होती. पुढे ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि आंबेडकरी चळवळीच्या इतिहासाचे अमोल साधन ठरली.

त्यांच्या मागण्यांपैकी काही उशिरा का होईना फळास आल्या. १९९० साली संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले आणि त्याच वर्षी केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या. भूमिहीन कुटुंबांना जमीन देणारी महाराष्ट्र शासनाची योजना आज दादासाहेबांच्याच नावाने ओळखली जाते. परंतु जमिनीवाचून राबणारे हात अद्यापही असंख्य आहेत.

आपल्या वसतिगृहात निजणाऱ्या कित्येक मुलांचे आईवडील आजही दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करतात. एका वसतिगृहाच्या व्यवस्थापकापासून संसदेपर्यंत गेलेल्या आणि संसदेत जाऊनही त्या बांधाला न विसरलेल्या दादासाहेबांचे चरित्र म्हणूनच या मुलांनी वाचावे. शिकून मोठे व्हावे, आणि मोठे झाल्यावर आपल्या गावाकडे पाठ फिरवू नये, एवढे त्यांनी या चरित्रातून घेतले तरी कर्मवीरांना ते खरे अभिवादन ठरेल.