फ्रेडी मर्क्युरीचे फसलेले धाडस

1980 साली ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाची ‘द गेम’ ही ध्वनिमुद्रिका ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत खपाच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. गायक फ्रेडी मर्क्युरी त्या वेळी चौतिशीत होता. यशाची तीच वाट पुढे तुडवीत राहणे व्यवहारी शहाणपणाचे होते. त्याने ते केले नाही.

एका जागी स्थिरावणे त्याला तसे बालपणापासूनच ठाऊक नव्हते. 1946 मध्ये झांझिबारमधील पारशी कुटुंबात जन्मलेला हा फारुख बुलसारा वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. शाळकरी मुलांच्या वाद्यवृंदात त्याची बोटे पियानोवर फिरली ती तेथेच. 1964 च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर कुटुंबाने इंग्लंड गाठले. 1970 मध्ये ‘क्वीन’ उभा राहिला आणि पाच वर्षांनी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या जवळजवळ सहा मिनिटांच्या, ऑपेरा व रॉक यांची सांगड घालणाऱ्या गीताने ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिला क्रमांक सोडला नाही.

‘द गेम’नंतरचे पाऊल मात्र याहून अवघड होते. त्या संचातील जॉन डीकनचे, बास गिटारच्या ठेक्यावर उभे असलेले गीत अमेरिकेत तुफान गाजले होते. म्युनिकच्या नृत्यगृहांतील संगीताने भारावलेल्या फ्रेडीने तोच धागा पकडला. 1982 च्या ‘हॉट स्पेस’मध्ये नृत्याचा ठेका पुढे आला आणि ब्रायन मे याची गिटार मागे सरली. ज्या वाद्यवृंदाने आपल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनावर सिंथेसायझर न वापरल्याचे आवर्जून छापले होते, त्याच्याच संगीतात आता सिंथेसायझर आणि यांत्रिक ताल यांचा सुळसुळाट झाला. मे आणि रॉजर टेलर नाराज होते. चाहतेही बिथरले. अमेरिकेत तर 1979 मध्येच शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडविण्यापर्यंत रॉकप्रेमींची मजल गेली होती. तेथे ‘हॉट स्पेस’ बाविसाव्या क्रमांकापुढे सरकली नाही. त्या वर्षीच्या दौऱ्यानंतर फ्रेडी हयात असेपर्यंत ‘क्वीन’ने अमेरिकेचा दौरा केला नाही, अर्थात त्याला अन्य कारणेही होती.

ध्वनिमुद्रिका सदोष होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण दोष नवी वाट धरण्यात नव्हता. मे याच्या गिटारला त्या वाटेवर जागा न ठेवण्यात होता. डेव्हिड बोवीसह रचलेल्या ‘अंडर प्रेशर’मध्ये ती जागा राहिली, म्हणूनच ते गीत तगले.

1984 च्या ‘द वर्क्स’मध्ये गिटार परतली. पुढच्या वर्षी वेम्ब्लीच्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात ‘क्वीन’ने मैदान जिंकले, पण तेथे ‘हॉट स्पेस’मधील एकही गीत सादर झाले नाही. 24 नोव्हेंबर 1991 रोजी एड्सने फ्रेडीचा अंत झाला. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. 1992 च्या एप्रिलमध्ये त्याच्या स्मरणार्थ वेम्ब्लीवर जो कार्यक्रम झाला, त्यात बोवीने ॲनी लेनॉक्सच्या साथीने ‘अंडर प्रेशर’ गायिले.