जिम कॉर्बेट आणि तीन काडतुसे

हिमालयाच्या कुशीतील नैनीताल येथे २५ जुलै १८७५ रोजी जिम कॉर्बेट यांचा जन्म झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच ते वारले व मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. हिवाळ्यात हे कुटुंब खाली कालाढूंगीस उतरत असे. तेथे घराला लागूनच अरण्य होते. ओल्या मातीत उमटलेली पावले आणि पाखरांचे आवाज ही या मुलाची पहिली पाठ्यपुस्तके. त्याला मिळालेली पहिली बंदूक ठासणीची होती. तिच्या दोन नळ्यांपैकी एक चिरलेली आणि दस्ता पितळी तारेने बांधलेला! अशी बंदूक घेऊन हिंडणाऱ्याला दारू जपून वापरावी लागते आणि चाप ओढण्यापूर्वी दहादा विचार करावा लागतो. हे शिक्षण पुढे त्यांच्या फार उपयोगी पडले.

मोठेपणी त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि गंगाकाठच्या मोकामाघाट येथे मालाच्या चढउताराचे काम वीसहून अधिक वर्षे सांभाळले. शिकार हा त्यांचा व्यवसाय नव्हता.

१९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा बंदोबस्त करण्याची विनंती त्यांना करण्यात आली. नेपाळात सुमारे दोनशे माणसे मारून ही वाघीण कुमाऊँत आली होती. तिच्या बळींची संख्या अखेर ४३६ झाली. माणसे दाराबाहेर पडेनाशी झाली, शेते ओस पडली. कॉर्बेटांनी दोन अटी घातल्या : वाघिणीवर लावलेले बक्षीस रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे.

त्यांच्यापाशी पाचशे बोअरची रायफल होती. पाचशे बोअर म्हणजे नळीचे छिद्र सुमारे अर्धा इंच. काडतुसाच्या पितळी नळकांड्यात तळाशी ठिणगी देणारी टोपी, मध्ये दारू आणि तोंडाशी गोळी बसवलेली असते. जुन्या काळ्या दारूचा धूर इतका होई की, पुढचे जनावर दिसेनासे होई. त्याऐवजी आता दोऱ्यांसारख्या कांड्यांची, जवळजवळ निर्धूर अशी कॉर्डाइट नावाची दारू आली होती. अंगावर चालून येणारा वाघ निमिषात अंतर काटतो. लहान गोळीने तो मरेलही, परंतु मरण्यापूर्वी शिकाऱ्याला गाठील. म्हणून त्याला जागीच थोपवणारी जड गोळी हवी.

एका कोवळ्या मुलीला वाघिणीने उचलून नेले. कॉर्बेट रक्ताच्या मागावर गेले, पण ती दरीत निसटली. दुसऱ्या दिवशी २९८ गावकरी हाकाऱ्यासाठी डोंगरमाथ्यावर जमले. कॉर्बेटांनी बरोबर तीनच काडतुसे घेतली होती; दोन वाघिणीसाठी आणि एक अडचणीसाठी. पहिली गोळी वाया गेली. पुढच्या दोन लागल्या, तरी वाघीण पडेना! हातात रिकामी रायफल, समोर जखमी वाघीण. कॉर्बेट ओढा ओलांडून धावत चढावर गेले आणि तेथे बसलेल्या तहसीलदारांची बंदूक हिसकावूनच घेऊन परतले. वीस फुटांवरून त्यांनी वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला. बंदूक इतकी खिळखिळी की, गोळी जबड्याऐवजी पंजावर लागली आणि कातडीतच अडकली. परंतु आधीच्या जखमांनी वाघीण संपतच आली होती. ती पुढे कोसळली. पुढे सरकारने तहसीलदारांना नवी बंदूक दिली, हे योग्यच झाले.

वाघिणीच्या उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. कोणा शिकाऱ्याची गोळी तिला पूर्वी लागली होती. नेहमीची शिकार साधेना, म्हणून ती माणसांकडे वळली होती.

या कामगिरीबद्दल कॉर्बेटांना २७५ बोअरची हलकी रायफल भेट मिळाली. तिनेच त्यांनी १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबट्या मारला. बद्री-केदारच्या वाटेवर त्याने १२५ बळी घेतले होते. पुढे मात्र रायफलीपेक्षा कॅमेराच त्यांना अधिक आवडू लागला. १९३६ साली कुमाऊँच्या पायथ्याशी भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, त्यासाठी ते झटले. त्यांचे नरभक्षक वाघांवरील पुस्तक १९४४ साली आपल्या मुंबईत प्रसिद्ध झाले.

१९४७ साली ते बहिणीसह आफ्रिकेत केनियाला गेले. तेथेच १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी गावी त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्या उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले.