दाईंसाठी मदरसा काढणारे हकीम अजमल खान

हकीम अजमल खान म्हटलं की आपल्याला खिलाफत आठवते, जामिया मिल्लिया आठवते. पण त्यांनी बायकांच्या तब्येतीसाठी काय केलं, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

हकीम साहेबांचा जन्म १८६८ साली दिल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या हकिमी करणाऱ्या घराण्यात झाला. बल्लीमारानमधली शरीफ मंझिल म्हणजे रुग्णांनी भरलेलं घर. काही वर्षं ते रामपूरच्या नवाबांचे हकीम होते. मग दिल्लीत परतले आणि थोरले भाऊ हकीम अब्दुल मजीद खान यांनी सुरू केलेल्या मदरसा तिब्बियाची जबाबदारी त्यांनी उचलली.

त्या काळी पडद्यातली बाई पुरुष डॉक्टरसमोर येत नसे. बाळंतपण दाईच्या हाती. दाई अनुभवी असायची, पण स्वच्छतेचं शिक्षण तिला कुणी दिलेलंच नव्हतं. ताप चढून बाळंतिणी दगावायच्या आणि घरचे नशिबाला दोष द्यायचे. हकीम साहेबांनी पडद्यावर वाद घातला नाही, दाईंना दोषही दिला नाही. १९०९ मध्ये त्यांनी मदरशाला जोडून दाईंच्या प्रशिक्षणासाठी जनाना मदरसा उघडला. बाईचा इलाज शिकलेल्या बाईच्या हातून व्हावा, इतका साधा विचार.

पुढच्याच वर्षी, १९१० ला, त्यांनी वैद्य आणि हकीम यांना एका तिब्बी कॉन्फरन्समध्ये एकत्र आणलं. मुंबई सरकारच्या १९१२ च्या वैद्यकीय नोंदणी कायद्यात या दोघांनाही जागा नव्हती. आपापला सवतासुभा मांडून दोघंही टिकणार नाहीत, हे हकीम साहेबांनी ओळखलं होतं. याच एकीतून करोल बागेतलं आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज उभं राहिलं. १९१६ ला व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी पाया घातला, १९२१ ला गांधीजींनी उद्घाटन केलं. हिंदुस्तानी दवाखान्यात औषधं विकून येणारा नफा हकीम साहेबांनी या कामाला दिला.

सरकारने दिलेला हाजिक-उल-मुल्क हा किताब त्यांनी असहकाराच्या दिवसांत परत केला. लोकांनी त्यांना मसीह-उल-मुल्क म्हटलं. २९ डिसेंबर १९२७ ला त्यांचा इंतकाल झाला.

आता आपल्याकडे बघू या. मशिदीचा ट्रस्ट वेगळा, जमात वेगळी, बचत गट वेगळा. प्रत्येकाचं शिबिर वेगळं, बॅनर वेगळा. आणि घरातली अम्मी, खाला मात्र दुखणं अंगावर काढते, सांगायला लाजते. हकीम साहेबांनी तर दोन वेगळ्या धर्मांच्या, वेगळ्या शास्त्रांच्या माणसांना एका छताखाली बसवलं. आपण एकाच मोहल्ल्यातले चार जण मिळून लेडी डॉक्टरला महिन्यातून एकदा बोलावू शकत नाही का?

अल्लाह त्यांची मगफिरत करो आणि आपल्याला ही समज देवो. आमीन.