गेम बॉयवाले योकोई आणि बदलापूर लोकल

गुनपेई योकोई १९४१ साली क्योटोत जन्मले. इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५ मध्ये ते निन्टेन्डोत लागले, तेही यंत्रांच्या देखभालीला. (कंपनी तेव्हा पत्ते बनवायची!)

पुढे एकदा ट्रेनमध्ये त्यांना एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला दिसला. त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आला. योकोईंचं सूत्र सोपं होतं: जुनं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान नव्या कामाला लावायचं. म्हणूनच १९८९ च्या गेम बॉयला रंगीत स्क्रीन नव्हती, पण चार पेन्सिल सेलवर तो दहा तासांच्या वर चालायचा. सेगाचा रंगीत गेम गिअर सहा सेल खाऊनही काही तासांतच मान टाकायचा.

आपल्याकडे गेम बॉय मोजक्याच घरांत आला. स्वस्त नकलांसाठी प्रसिद्ध असलेल्या उल्हासनगरच्या या पट्ट्यात नव्वदच्या दशकातल्या मुलांना माहीत होता तो ‘९९९९ इन १’ छापलेला ब्रिक गेम. दिसायला गेम बॉयसारखा, आत टेट्रिसचे ठोकळे. खरं तर योकोईंचं सूत्र या नकलाकारांनीच टोकाला नेलं.

शिवाय जपानी प्रवासी सीटवर बसून दोन्ही हातांनी खेळणार. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये एक हात कडीला हवाच.

१९९५ चा व्हर्च्युअल बॉय फसला. पुढच्या वर्षी योकोईंनी निन्टेन्डो सोडून स्वतःची कंपनी काढली आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्ता अपघातात ते गेले. त्याच वर्षी नोकियाच्या फोनवर स्नेक आला. तो एका अंगठ्याने खेळता यायचा.