वाटाण्याचा कोंब आणि पहिले कर्ज

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या स्मरणार्थ भारत सरकारने १९६९ साली पुरस्कार सुरू केला. पहिला मान देविकाराणींना मिळाला. चित्रपटसृष्टीत आयुष्य वेचलेल्यांचा हा गौरव. पण खुद्द फाळक्यांना निकड होती ती पहिल्या पावलापुरत्या भांडवलाची. माझी उमेद बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. त्यामुळे त्यांचे चरित्र वाचताना माझी नजर आधी जाते ती त्यांनी काय गहाण टाकले, याकडे.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, एका संस्कृत पंडिताच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. गोध्र्याला छायाचित्रणाचा धंदा मांडला, तोच प्लेगने पत्नी आणि मूल नेले. पुढे पुरातत्त्व खात्याची नोकरी झाली, मग छापखाना. छपाईतले नवे ज्ञान मिळवायला १९०९ साली जर्मनीला जाऊन आले, पण भागीदारांशी बिनसले आणि तो धंदाही सुटला. चाळिशीतल्या, संसारी माणसाची ही अवस्था. अशात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर आणायचा ध्यास घेतला. सिनेमे पाहपाहून डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टीच गेली.

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडन गाठले. तिथे तंत्र पाहून घेतले, कॅमेऱ्याची खरेदी ठरवली आणि परतले. आता चित्रपटासाठी पैसा हवा होता. पण ज्या धंद्याचे नावही इथे कोणी ऐकले नव्हते, त्याला कर्ज देणार कोण? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ कॅमेऱ्याने थोडी थोडी टिपत राहिले. पडद्यावर दाण्याला कोंब फुटला, बघता बघता वेल झाला. तो तुकडा पाहून यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने तारण गेले. फिल्मला भोके पाडण्यापासून साऱ्या युनिटच्या स्वयंपाकापर्यंत त्या माउलीने काय केले नाही! नायिका मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

१९१७ च्या ‘लंकादहन’ने तर गर्दी खेचली. पण बोलपट आले आणि काळ बदलला. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ अखेरचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार यायला त्यानंतरही पंचवीस वर्षे जावी लागली.

हा इतिहास मला आमच्या झाडीपट्टीत अधिक जवळचा वाटतो. चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या जंगलभागात दिवाळीनंतर धान घरी आले की मंडई भरते, शंकरपट होतात आणि वडसा-देसाईगंजच्या मंडळ्यांची नाटके रात्र-रात्र चालतात. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तीही हयात रंगमंचावर गेल्यावर. ज्या गावांनी नाटक असे पोसले, तिथल्या मुलांना आता मोबाइलवर आपल्या बोलीतल्या, माडिया-गोंडीतल्या गोष्टी टिपाव्याशा वाटतात. पण सिनेमाचे नाव काढताच कर्ज देणारा सात-बारा मागतो. यात कर्मचाऱ्याचा दोष नाही. त्याच्या छापील अर्जात स्वप्नाला रकानाच नसतो. बापाच्या दोन एकर धानावर मुलाच्या सिनेमाचा बोजा चढवावा, असे मीही म्हणणार नाही.

म्हणून फाळक्यांच्या नावाने या भागात एखादा पुरस्कार असावा आणि तो पहिल्या चित्रपटाआधी मिळावा, असे मला वाटते. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती परत मागू नये. अटही एकच असावी: उमेदवाराने आपल्या गावातली एखादी गोष्ट महिनाभर निरखून पाच मिनिटांत दाखवावी. मोहाची फुले वेचणारी आजी असेल, वैनगंगेवरचा नावाडी असेल. नाडकर्ण्यांनी कुंडीतला कोंब पाहून कर्ज दिले होते. आपणही तेवढेच पाहावे. निदान कुठल्या सरस्वतीबाईला आपले दागिने काढून द्यावे लागणार नाहीत.