बाया कर्वे : आश्रमामागची परिचारिका

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी म्हणून आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे सर्वपरिचित आहेत. त्या शिक्षित परिचारिका होत्या, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूचा विवाह आठव्या वर्षी झाला आणि तीनच महिन्यांत वैधव्य आले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तेथे दाखल होणाऱ्या पहिल्या विधवा म्हणजे गोदूबाई. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात अण्णासाहेबांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. मुरूड गावाने या दांपत्यावर बहिष्कार टाकला.

अण्णासाहेबांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला व स्वतःची शिल्लक त्यात घातली. आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाकडे गेली, तेव्हा बाया संतापल्या. पदरी मुले असलेल्या स्त्रीचा तो संताप रास्तच म्हटला पाहिजे. स्वतःच्या पायावर उभे राहता यावे म्हणून त्यांनी नागपूरला जाऊन परिचारिका व सुईणीचे शिक्षण घेतले. त्या काळी बाळंतिणीची सेवा विटाळाची मानली जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. पुण्यातील घर तेव्हा धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी सांभाळले. पुढे बायांनी आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली.

'माझे पुराण' हे त्यांचे आत्मचरित्र सून कावेरी कर्वे यांनी संपादित केले. १९५० मध्ये बायांचे निधन झाले. लेखिका जाई निंबकर व गौरी देशपांडे या त्यांच्या नाती.